वासरू कुठे आहे?

मराठीत ‘पान्हा’ हा एक असा शब्द आहे की त्याच्या तोलाचा दुसरा शब्द सहसा सापडत नाही. दूध भांड्यात असते, डेअरीत असते, चहात असते. पान्हा मात्र केवळ आईजवळ असतो. वासराला पाहून गाय पान्हावते. परक्या माणसाने कासेला हात लावला तर तीच गाय पान्हा चोरते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरे सांभाळली, त्यांनी ही क्रियापदे घडविली. कासेत दूध असणे आणि ते आईने सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निरीक्षण या दोन क्रियापदांत साठविलेले आहे. विज्ञानाला याच निष्कर्षापर्यंत येण्यासाठी विसाव्या शतकाची पहिली चाळीस वर्षे लागली.

बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात येथे लढाई झाली आणि विजयानंतर निजामाने गावाला फतेहखेर्डा हे नाव दिले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचा उल्लेख येतो. परंतु गावाचे रोजचे जीवन लढायांवर चालत नाही. ते शेतीवर, बाजारावर आणि दारच्या जनावरांवर चालते. या परिसरातील कोणत्याही गोठ्यात पहाटे जे घडते ते पाहण्यासारखे असते. मालक प्रथम रेडकाचे दावे सोडतो. रेडकू धावत जाऊन आईच्या कासेला ढुशी देते, चारही सड आळीपाळीने चोखते. मिनिट-दोन मिनिटांत कास भरून येते, सड ताठ होतात. मग रेडकाला ओढून आईच्या तोंडासमोर बांधले जाते. ती त्याला चाटत राहते आणि इकडे बादलीत धार वाजू लागते. हा क्रम कोणी पुस्तकातून शिकलेला नाही. पण यामागील कारण कासेत नसून म्हशीच्या मेंदूत आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. त्यातील काही चेतापेशी ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक तयार करतात आणि ते पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागात साठवून ठेवतात. (संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गायीच्या दुधालाच ‘पीयूष’ म्हणतात, हा एक सुखद योगायोग.) रेडकाच्या जिभेचा स्पर्श सडाला झाला, की तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. साठविलेले ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि कासेपर्यंत पोहोचते. कासेत दूध तयार करणाऱ्या असंख्य सूक्ष्म कोशिका असतात आणि प्रत्येक कोशिकेभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन मिळताच ही जाळी आवळली जाते आणि कोशिकेतील दूध खाली उतरते. हाच पान्हा. रक्तात आलेले हे संप्रेरक काही मिनिटांतच निष्प्रभ होते. म्हणून धार सात-आठ मिनिटांत उरकावी, मध्येच उठू नये, ही गोठ्यातील जुनी शिस्त शास्त्रीय दृष्टीनेही योग्य ठरते.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने हाती आले. १९०६ साली हेन्‍री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते असे दिसले. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी त्याच अर्काने दूध उतरते हे दाखविले. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत ऑक्सिटोसिन कृत्रिमरीत्या तयार केले. केवळ नऊ अमिनो आम्लांचा हा लहानसा रेणू. १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्रसूत मातांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी हे औषध आजही रुग्णालयांत अत्यावश्यक आहे. त्याच औषधाची दुसरी कहाणी पुढे येईल.

भीतीचा पान्ह्याशी काय संबंध, हे १९४१ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे ईली आणि पीटरसन यांनी तपासले. धार काढण्याच्या वेळी त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले आणि कानाजवळ कागदी पिशव्या फोडल्या. गाय घाबरली आणि दूध उतरेना. भीतीच्या वेळी शरीरात जे ॲड्रेनलिन स्रवते, ते टोचल्यावरही तोच परिणाम दिसला. कासेच्या एका बाजूच्या चेता कापलेल्या असतानाही त्या बाजूचे दूध उतरले. म्हणजे पान्ह्याची आज्ञा कासेपर्यंत रक्तातून येते, हेही सिद्ध झाले. सात वर्षांनी, १९४८ साली, न्यूटन दांपत्याने मानवी मातेतही हेच दाखविले. बाळाला पाजताना आईचे चित्त विचलित केले, तर बाळाला मिळणारे दूध घटते. बाळंतिणीच्या खोलीत शांतता असावी, तिच्या कानावर कटकटी जाऊ नयेत, हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा आग्रह म्हणजे केवळ रूढी नव्हती.

आता म्हशीकडे वळावे लागते, कारण विदर्भात घरोघरी पोहोचणाऱ्या दुधात तिचा मोठा वाटा आहे. विदेशी वंशाच्या गायीच्या कासेत सडांच्या वरच्या पोकळीत सुमारे २० टक्के दूध आधीच उतरलेले असते. म्हशीत हे प्रमाण जेमतेम ५ टक्के आढळते. उरलेले सारे दूध वरच्या कोशिकांत असते आणि मेंदूने आज्ञा दिल्याशिवाय त्याचा थेंबही मिळत नाही. विदेशी गायी अनेक पिढ्यांच्या निवडीमुळे वासराविना दूध देण्यास सरावल्या आहेत. विदर्भाची तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस किंवा जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यातील भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस यांचे तसे नाही. त्यांच्या पान्ह्याची किल्ली रेडकाजवळ असते. आणि जेथे किल्ली मौल्यवान असते, तेथे माणूस खोटी किल्ली बनवू पाहतो.

पहिली खोटी किल्ली जुनी आहे. रेडकू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते बाहुले म्हशीपुढे उभे करावयाचे. ओळखीच्या वासाने ती फसते आणि पान्हा सोडते. दुसरी किल्ली अधिक क्रूर. तिचे नाव ‘फुंका’. जनावराच्या जननमार्गात नळीने हवा फुंकून बळेच पान्हा आणविण्याची ही रीत एकेकाळी मोठ्या शहरांच्या तबेल्यांत सर्रास होती. ती का लागू पडत असे, याचे उत्तर पुढे मेंढ्यांवरील संशोधनातून मिळाले. प्रसूतीच्या वेळी कोकरू जननमार्गातून बाहेर येते, तेव्हा तेथील ताणाचा संदेश मेंदूत जाऊन ऑक्सिटोसिन सुटते आणि मेंढीत मातृभाव जागा होतो. केंब्रिजच्या कीव्हर्न, केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखविले, की हे संप्रेरक थेट मेंदूत पोहोचविले तर न व्यालेली मेंढीही कोकराला जवळ करू लागते. पुढील काही तासांतच मेंढी आपल्या कोकराचा वास ओळखू लागते आणि नंतर परके कोकरू आले तर त्याला ढकलून देते. फुंका करणारा गवळी नकळत याच मार्गाचा गैरवापर करीत होता. जन्म देण्याच्या वेदनेची नक्कल करून तो दूध काढीत होता.

फुंक्याची वर्णने वाचूनच महात्मा गांधींच्या मनात दुधाविषयी अढी निर्माण झाली. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध वर्ज्य केले. पुढे भारतात दीर्घ आजारानंतर मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, मग शेळीचे दूध घेण्यास काय हरकत, हा मार्ग कस्तुरबांनी सुचविला. गांधीजींनी तो स्वीकारला. परंतु व्रताचा शब्द राखला आणि भाव मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली आहे. विदर्भातच, वर्ध्याला, जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेच्या कामाला वाहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. १९६० सालच्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२व्या कलमाने फुंका हा गुन्हा ठरला. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे कोणतेही द्रव्य टोचणे हेही त्याच कलमात येते. शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही. शिवाय जनावर सरकारजमा होते.

तिसरी खोटी किल्ली म्हणजे सुई. कृत्रिम ऑक्सिटोसिन स्वस्त आहे. ते टोचले, की एका मिनिटात कास भरते. रेडकू नको, चाटणे नको, वाट पाहणे नको. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून देशांतर्गत वापरासाठी खासगी कंपन्यांना या औषधाचे उत्पादन करण्यास मनाई केली. प्रसूत मातांना औषध अपुरे पडेल या विचाराने दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ती अधिसूचना रद्द ठरविली. एकाच कुपीत एका मातेचे जीवदान आणि दुसऱ्या मातेची फसवणूक सामावलेली असल्यामुळे हा प्रश्न केवळ बंदीने सुटत नाही.

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. सुईचे दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात, अशी धास्ती अनेक घरांत असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी सुई दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांचे दूध तपासले, तेव्हा त्यातील ऑक्सिटोसिनच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय अमिनो आम्लांचा हा रेणू पचनमार्गात मोडून जातो. म्हणजे सुईचा खरा तोटा दूध पिणाऱ्याला नसून दूध देणारीला आहे. रोज बाहेरून संप्रेरक मिळू लागले, की तिच्या शरीराचा स्वतःच्या संप्रेरकाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. मग सुईशिवाय ती पान्हावतच नाही. आणि याहून मोठा तोटा रेडकाचा आहे.

व्यापारी कुटुंबांना हिशेब सांगावा लागत नाही, तरी हा एक मांडून पाहण्यासारखा आहे. जन्मतः रेडकाचे वजन सुमारे ३० किलो धरले, तर त्याला वजनाच्या दशांशाइतके, म्हणजे दिवसाला ३ लिटर दूध लागते. तीन महिन्यांत ते २७० लिटर होते. समजा लिटरला ६० रुपये भाव आहे, तर रक्कम १६,२०० रुपये. रेडकू वगार असेल, तर मालक हा खर्च भांडवल समजून सोसतो. तीनेक वर्षांनंतर तीच वगार दुधाला येईल. टोणगा असेल, तर जमेच्या बाजूला लिहिण्यासारखे काही नसते. पूर्वी या हिशेबाला एक अटकाव होता. टोणगा असो वा वगार, त्याच्याशिवाय म्हैस दूधच देत नव्हती, म्हणून त्याला जगविणे भाग होते. सुईने हा अटकाव दूर केला. रेडकाला मुद्दाम कोणी मारत नाही. त्याला अपुरे दूध मिळते, ते अशक्त होते, त्याला हगवण लागते आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत ते आपोआप मेले अशी नोंद होते.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार बहुतेक वाचकांना ठाऊक असतात. त्यांतील शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचे अन्नपाणी अडविणे. आईचे दूध कासेत भरलेले असताना चार हातांवर बांधलेले रेडकू उपाशी राहते, याहून अन्नपाननिरोधाचे स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. ‘वात्सल्य’ या शब्दाचे मूळही ‘वत्स’, म्हणजे वासरू हेच आहे.

पहिल्या दिवसांत जे अडविले जाते, त्याची भरपाई पुढे होत नाही, असे शास्त्र सांगते. मानवी बाळाला काही रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या पिलांना ती तशी मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात. वासराच्या आतड्याला ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर जेमतेम चोवीस तास असते आणि ती तासागणिक घटत जाते. म्हणून पहिल्या दोन तासांत चीक वासराच्या पोटात जाणे हे त्याच्या आयुष्याचे विमापत्र होय. खरवसाचा वाटा त्यानंतरचा.

आईच्या चाटण्याचाही असाच दूरगामी परिणाम असतो. वासराला चाटून ती त्याचे अंग कोरडे करते, रक्ताभिसरण वाढविते, त्याला उभे राहण्यास प्रवृत्त करते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांवर दीर्घकाळ अभ्यास केला. काही माद्या पिलांना पुष्कळ चाटतात, काही कमी. १९९७ साली त्यांनी दाखविले, की पहिल्या आठवड्यात भरपूर चाटली गेलेली पिले मोठेपणी संकटाला कमी घाबरतात आणि घाबरली तरी लवकर सावरतात. त्यांच्या मेंदूत भीतीच्या संप्रेरकाला आवर घालणारे ग्राहक अधिक असतात. हे आनुवंशिक असेल, या शंकेचेही निरसन झाले. कमी चाटणारीची पिले भरपूर चाटणारीकडे वाढविली, तर ती पोषण करणाऱ्या आईसारखी निघतात. २००४ साली याचे कारणही सापडले. चाटण्याने जनुक बदलत नाही. परंतु त्या जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणा बदलतात आणि त्यामुळे ते कमी-अधिक जागे राहते. अशा पिलांमधील माद्या पुढे स्वतःही भरपूर चाटणाऱ्या आया होतात. उंदराचे निष्कर्ष जसेच्या तसे म्हशीला वा माणसाला लावता येत नाहीत, हे खरे. तथापि मातेची पहिल्या दिवसांतील माया ही पिलाच्या मेंदूच्या घडणीचा भाग असते, हे तत्त्व यातून पक्के झाले.

मग करावयाचे काय? दूध सोडून देणे हा एक मार्ग काही कुटुंबांनी निवडला आहे. तो ज्याच्या-त्याच्या निश्चयाचा भाग. जे दूध घेतात, त्यांच्याही हाती बरेच काही आहे. रतीब लावताना भाव आणि फॅट विचारले जाते. त्यांच्या जोडीला ‘वासरू कुठे आहे?’ हा एकच प्रश्न विचारावा. रेडकू गोठ्यात बांधलेले, अंगाने भरलेले दिसले, तर सुईची गरज बहुधा नसते. ते दिसत नसेल, तर प्रश्न पुढे न्यावा. गवळ्याला दोष देऊन काम होत नाही. जिवंत रेडकाच्या गोठ्यातील दुधाला लिटरमागे दोन रुपये अधिक मिळू लागले, तर त्याचाही हिशेब बदलतो. चीक पूर्ण पाजून पुढे एक सड रेडकासाठी राखून ठेवणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्याला कोवळा चारा व खुराक दाखविणे, हा जुनाच व्यवहार्य मार्ग आहे. रेडकू खरोखरच दगावले असेल, तरी सुई हा एकच उपाय नसतो. ठरलेली वेळ, ओळखीचा माणूस, कोमट पाण्याने कास धुणे, हलके मालीश आणि समोर सरकी ढेपेचे आंबोण, एवढ्याने बऱ्याच म्हशी काही दिवसांत पान्हावू लागतात. बादलीच्या आवाजाचीही मेंदूला सवय लागते.

समाजातील काही कुटुंबांचा व्यवसाय औषधांचा आहे, काहींचा ढेप-सरकीचा. ऑक्सिटोसिन हे पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून विकण्याचे औषध नव्हे, हे दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने पाळले, तर गोठ्यातील निम्मा प्रश्न सुटतो. गोशाळा आणि पांजरपोळ चालविण्याची परंपराही मोठी आहे. मुंबईच्या भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ पासूनची. अशा संस्थांच्या वार्षिक अहवालात देणग्या, चारा, औषधे यांचे आकडे काटेकोर असतात. त्यांत आणखी दोन आकड्यांची भर घालावी : वर्षभरात जन्मलेली वासरे किती आणि तीन महिन्यांनंतर हयात असलेली किती. देणगी देणाऱ्याने हे दोन आकडे मागितले, की पुढील वर्षी ते छापले जातील. आणि छापावे लागणार हे ठाऊक असले, की त्यांतील दुसरा आकडा वाढविण्याची काळजी घेतली जाईल.